जेनोलनच्या गुहा आणि दोन रात्रींचे पाहुणेपण

आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही हॉटेलात मुक्कामाला राहिलो ते एकदाच. तेही सातासमुद्रापलीकडे, आणि दोनच रात्री. ही एप्रिल २०१८ ची गोष्ट. विहारातल्या बायकांनी तेव्हापासून इतक्या वेळा विचारले, की शेवटी आमच्या मोठ्या पोराने वही-पेन पुढे ठेवले आणि म्हणाला, "आता लिहूनच टाका." आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. लिहिणारा हात एकाचा, सांगणारी तोंडे दोन. म्हणून कोणाचे काय हे कळावे यासाठी 'पोरांची आई' आणि 'पोरांचे वडील' असेच लिहितो. घरातही आम्ही एकमेकांना असेच ओळखतो.

आधी आमच्याविषयी थोडे. पोरांचे वडील १९७२ साली भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचे वॉशआऊट करायचे काम. पुढे वाफेची इंजिने गेली, कल्याणच्या इलेक्ट्रिक शेडमध्ये बदली झाली आणि फिटर म्हणून २०१२ साली निवृत्त झाले. पोरांची आई चौथी शिकलेली. तिने १९८६ ते २००८ अशी बावीस वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या साफ केल्या. हॉटेलचे नाव सांगत नाही. पहाटे चार पन्नासची लोकल, दिवसाला चौदा ते सोळा खोल्या, प्रत्येक खोलीतला पलंग, न्हाणीघर, आरसा, कचऱ्याची टोपली. दोघांच्या पगारात तीन लेकरे शिकली. मधली लेक नर्स झाली, २००९ साली सिडनीला गेली. तिथल्या ब्लॅकटाउन भागात ती, जावई आणि दोन नातवंडे राहतात.

लेकीने तिकिटे पाठवली. चौदा एप्रिलची जयंती आम्ही तिथल्या आपल्या माणसांबरोबर केली. परदेशात पोरे खिरीचे वाटप करताना पाहून पोरांच्या आईचे डोळे भरून आले, पण ते वेगळे सांगू. शाळांना सुट्टी होती. जयंतीनंतरच्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, बाबा, तुम्हाला एक ठिकाण दाखवायचं आहे. दोन रात्री तिथंच राहायचं. चपात्या बांधून घेऊ, पण रात्रीचं जेवण तिथं."

"राहायचं कुठं?" पोरांच्या आईने विचारले.

"हॉटेलात."

ती गप्प झाली. आम्हाला वाटले खर्चाचा विचार करत असेल. तो होताच, पण आणखीही काही होते. ते रात्री कळले.

सिडनीपासून जेनोलन पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत ब्लू माउंटन्स नावाचे डोंगर लागतात. निलगिरीची झाडे मैलोन्‌मैल, आणि त्यांच्या तेलाची वाफ हवेत मिसळून लांबचे डोंगर निळे दिसतात. कटूंबा गाव ओलांडले, मग रस्ता डोंगरात शिरला. शेवटची उतरण अशी की आपला कसारा घाट बरा. वळणावर वळण, एका बाजूला दरी. नातवाला उलटी झाली. आणि एकदम समोर डोंगरच उभा. त्या डोंगराला आरपार भोक, आणि रस्ता त्या भोकातून जातो! 'ग्रँड आर्च' म्हणतात त्याला. सव्वाशे मीटर लांबीचा निसर्गाचा बोगदा. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस बोगदा पाहिला की आधी अस्तर पाहतो. इथे अस्तर नाही, कमान नाही, पाण्याने खाल्लेला नुसता दगड. बोगद्याच्या पलीकडे लगेच हॉटेल. उतरत्या छपरांचे, दगडी, जुन्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यासारखे, पण चार-पाच बंगले एकावर एक ठेवावेत एवढे.

त्याचे नाव 'केव्ह्ज हाऊस'. आधी तिथे लाकडी हॉटेल होते, ते १८९५ साली जळाले. मग सरकारने पुढच्या दोन-तीन वर्षांत हे दगडात बांधले. आराखडा सरकारी आर्किटेक्ट वॉल्टर लिबर्टी व्हर्नन यांचा. त्या राज्याच्या वारसा वास्तूंच्या यादीत ते आहे. एका काळी लग्न झालेली जोडपी मधुचंद्राला इथेच येत, असे जावयाने सांगितले आणि आमच्याकडे पाहून हसला. आमचे लग्न १९७६ चे. मधुचंद्र भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सासू, दोन नणंदा आणि एका दिरासह झाला.

खोली पाहून मात्र हसू आले. जुने हॉटेल असल्याने काही खोल्यांना न्हाणीघर जोडलेले नाही, ते बाहेर व्हरांड्यात, सगळ्यांचे मिळून. लेकीने त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून तीच खोली घेतली होती. "म्हणजे चाळच की!" पोरांचे वडील म्हणाले. "एवढ्या लांब येऊन पुन्हा टॉवेल खांद्यावर टाकून नंबर लावायचा!" फरशीच्या जागी लाकडी तक्ते, चालले की करकरणारे. उंच छत, जाड पडदे, आणि मधोमध मोठा पांढरा पलंग.

पोरांची आई त्या पलंगाकडे बघत उभी राहिली. बसेना. सामान लावले, खिडकी उघडून पाहिली, दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहिले. बोट स्वच्छ निघाले. "हाताची बाई आहे," एवढेच म्हणाली. शेवटी नातीने ओढून बसवले.

तेव्हा सांगितले तिने. बावीस वर्षांत ती हॉटेलच्या पलंगावर एकदाही बसली नव्हती. बसायचे नाही हा नियमच होता. पाहुण्यांच्या लिफ्टने जायचे नाही, पाहुणा समोर आला तर भिंतीकडे सरून उभे राहायचे. दमले तरी पाठ टेकायची ती जिन्याखालच्या चादरींच्या गाठोड्यावर. एकदा एका पाहुणीची अंगठी हरवली. पोरांच्या आईला तीन तास एका खोलीत उभे केले, पिशवी उलटी केली, डबा उघडून पाहिला. संध्याकाळी अंगठी त्या बाईच्याच कोटाच्या खिशात सापडली. कोणी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार पन्नासची लोकल. हे तिने आम्हाला, म्हणजे घरात, कधीच सांगितले नव्हते. पोरांच्या वडिलांनासुद्धा बेचाळीस वर्षांच्या संसारात ते त्या रात्री पहिल्यांदा कळले.

गुहा दुसऱ्या दिवशी पाहिल्या. तिकीट काढून, गाईडबरोबर, ठरलेल्या वेळेला. एकट्याने शिरता येत नाही. एकच एक गुहा नाही, डोंगरात पोकळ्यांचे जाळे आहे. त्यातल्या काहीच लोकांना दाखवतात. ल्यूकस नावाची एक मोठी, तिथे नऊशेच्या वर पायऱ्या. जावई नातीला घेऊन तिकडे गेला. आमच्या गुडघ्यांना झेपेल अशी चिफली गुहा. तिथेही पायऱ्या चारशेच्या वर आहेत, पण थांबत थांबत होतात. आत बाराही महिने पंधरा अंशांच्या आसपास गारवा. शाल बरोबर ठेवावी.

आत पाऊल टाकले आणि सहा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, बुद्ध कुठे आहेत?"

त्याची चूक नव्हती. तो आदल्या वर्षी मुंबईला आला तेव्हा आम्ही त्याला कान्हेरीला नेले होते. आमच्या घरात डोंगरातली पोकळी म्हणजे लेणी, आणि लेणी म्हणजे बुद्ध. पोरे लहान असताना वर्षातून एक रविवार बोरिवलीची गाडी ठरलेली. दगडातले बाक, पाण्याच्या टाक्या, चैत्याचे खांब, सगळे माणसाने छिन्नी-हातोड्याने केलेले. ही गुहा कोणी कोरलेली नाही, हे त्याला समजावताना आमचीच शिकवणी झाली.

आपला सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, ज्वालामुखीचा रस थिजून झालेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. कठीण, पाण्याने विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे भिक्खूंसाठी लेणी कोरावी लागली. जेनोलनचा दगड चुनखडी. एके काळी तिथे समुद्र होता. त्यातल्या प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे थर बसून त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तो झाला. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते, आणि चुनखडीला हळूहळू खात जाते. भेग, भेगेची फट, फटीची खोली, खोलीचा महाल. पुढे छतातून तेच पाणी थेंबथेंब झिरपते. पोकळीत आले की त्यातला वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो. छताला लोंबते सुळके होतात, खाली थेंब पडतो तिथे खांब उगवतो. कधी दोन्ही एकमेकांना भेटतात.

हे सगळे गाईड इंग्रजीत सांगत होता, लेक मराठीत. मध्येच पोरांचे वडील म्हणाले, "अगं, हे तर बॉयलरचं स्केल!"

लेकीला कळले नाही. वाफेच्या इंजिनात जड पाणी घातले की ते उकळून उडून जाते, आणि चुना नळ्यांना आतून धरतो. पांढरा, दगडासारखा. तो साठला की कोळसा जास्त लागतो, नळी तापून फुटते. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करायचा, प्लग उघडायचे, आणि पाण्याच्या जोराने, सळयांनी खरवडून तो काढायचा. ते वॉशआऊट. पोरांच्या वडिलांची जवानी हा पापुद्रा खरवडण्यात गेली. आणि इथे तोच पापुद्रा पाहायला माणसे डॉलर मोजतात, त्यावर रंगीत दिवे सोडतात! गाईडला लेकीने हे सांगितले तेव्हा तो साठीचा माणूस खळखळून हसला. मग म्हणाला, "मग तुम्ही योग्य गुहेत आलात. ही गुहा एका इंजिन ड्रायव्हरच्या नावाची आहे."

पुढचे ऐकून आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. बेन चिफली. जवळच्याच बॅथर्स्ट गावचा, लोहाराचा मुलगा, जन्म १८८५. १९०३ साली तिथल्या रेल्वे शेडमध्ये पोरगा म्हणून लागला, खालच्या कामांपासून चढत चढत इंजिन ड्रायव्हर झाला. १९१७ च्या मोठ्या संपात उतरला म्हणून कामावरून काढला गेला. नंतर परत घेतले, पण खालच्या जागेवर. तो युनियनमध्ये राहिला, इंजिन कामगारांची संघटना उभी करण्यात पुढे होता. आणि १९४५ ते १९४९ तो ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान होता. १९५१ साली वारला. पुढच्या वर्षी गुहेला त्याचे नाव दिले. त्याआधी तिला 'लेफ्ट इम्पीरियल', म्हणजे साम्राज्याची डावी गुहा म्हणत. १८८० साली याच गुहेत विजेचे दिवे लागले, गुहेत वीज नेण्याचा जगातला तो पहिला प्रयोग असे ते अभिमानाने सांगतात. पण आम्हाला दिव्यांपेक्षा त्या नावाचे जास्त वाटले. शेडमध्ये लागलेला पोऱ्या, आणि साम्राज्याचे नाव पुसून त्याचे नाव! मे १९७४ च्या रेल्वे संपात पोरांचे वडीलही होते. नवखे खलाशी, लग्न व्हायचे होते. त्या वीस दिवसांत काय काय झाले ते भुसावळकरांना सांगायला नको. ते त्या गार अंधारात खिशातला रुमाल काढून नाक पुसत राहिले. सर्दी झाली म्हणाले.

त्याच गुहेत एक गोष्ट घडली. एका वळणावर छतापासून खाली दगडाची पातळ झालर उतरली आहे. पांढरी, तिला तपकिरी रेघा, अगदी काठाच्या पातळासारखी. मागून दिवा लावला की आरपार उजेड दिसतो. पोरांच्या आईने नकळत हात पुढे केला. जन्माची सवय. कापड दिसले की हात लावून पोत पाहायचा. तेवढ्यात गाईडचा आवाज आला. इंग्रजी होते, पण तेवढे इंग्रजी तिला बावीस वर्षांत आलेले होते. हात लावू नका.

तिने हात असा झटकन मागे घेतला आणि शालीखाली लपवला, की लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तीन शब्द. कोणत्याही भाषेत असोत, आमच्या पिढीच्या कानाला ते वेगळेच ऐकू येतात. पोरांची आई लहान असताना गावच्या विहिरीवर, वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात हेच ऐकत मोठी झाली. गाईडला त्यातले काय कळणार? पण माणूस भला. काहीतरी बिनसले एवढे त्याने ओळखले आणि जवळ येऊन समजावले. हाताच्या कातडीला तेल असते, घाम असतो. तो दगडाला लागला की तिथे पाण्यातला चुना धरत नाही. वाढ थांबते, दगड काळा पडतो. मग त्याने कठड्याजवळचा एक पट्टा दाखवला. तेलकट, काळपट. जुन्या काळी माणसे मेणबत्त्या घेऊन, चाचपडत यायची, त्यांच्या हातांनी झालेला.

पोरांच्या आईने लेकीला हळूच विचारले, "विचार त्याला, कोणाच्या हातानं काळा होतो?"

लेकीने विचारले. तो म्हणाला, "सगळ्यांच्याच. माझ्याही. गव्हर्नरच्याही."

"सगळ्यांच्याच?"

"सगळ्यांच्याच."

तिने शालीतून हात काढला आणि पितळी कठडा धरून पुढची पायरी चढली.

शेवटी गाईडने सगळे दिवे बंद केले. डोळे उघडे की मिटलेले ते समजेना. नातू आम्हा दोघांच्या मध्ये घुसला. थेंब पडल्याचा आवाज तेवढा येत होता, कुठून ते कळत नव्हते.

बाहेर आल्यावर निळ्या पाण्याच्या तळ्याकाठी बसून चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी खाल्ली. त्या तळ्यात प्लॅटिपस राहतो. बदकाची चोच, अंडी घालतो आणि पिलांना दूध पाजतो. नात तासभर पाण्याकडे डोळे लावून बसली. तो काही आला नाही. डोंगरकपारीतले छोटे कांगारू मात्र दिसले, त्यांना वॉलबी म्हणतात.

तिथल्या पाटीवर 'शोध' हा शब्द वाचला आणि राहवले नाही. गोऱ्या माणसांनी या गुहांचा शोध १८३८ च्या सुमारास लावला असे सांगतात. पण तो डोंगर गुंडुंगुरा लोकांचा. ते तिथले मूळचे रहिवासी. त्यांच्या भाषेत या जागेला 'बिनूमिया' म्हणत, अर्थ अंधाराची ठिकाणे. गुरंगाच नावाचा अर्धा मासा-अर्धा सरपटणारा प्राणी आणि मिरागन नावाचा शिकारी यांच्या पाठलागात तिथल्या नद्या-दऱ्या झाल्या, अशी त्यांची कथा. आजारी माणसाला उचलून ते खालच्या गुहेतल्या पाण्यापर्यंत नेत आणि न्हाऊ घालत, असेही सांगतात. म्हणजे हजारो वर्षे ज्यांना वाट पाठ होती त्यांच्या घराचा शोध दुसऱ्यानेच लावला! त्याच लोकांना त्या देशाच्या शिरगणतीत धरायचे नाही असे कलम त्यांच्या संविधानात १९६७ पर्यंत होते. त्या वर्षी सार्वमत घेऊन ते काढले. गाईडने हे न विचारता सांगितले, एवढे त्याच्या बाजूने लिहायला हवे. गुहांच्या वयाचेही त्यानेच सांगितले. आतल्या चिकणमातीची तपासणी करून शास्त्रज्ञांनी २००६ साली जाहीर केले की इथल्या काही पोकळ्या चौतीस कोटी वर्षांपूर्वीच तयार झालेल्या होत्या. पोरांचे वडील म्हणाले, "म्हणजे आपला सह्याद्री जन्मायच्या आधी ही खोली रिकामी होऊन बसली होती."

रात्रीचे जेवण हॉटेलच्या मोठ्या दालनात झाले. पांढरी टेबलपोसे, काटे-चमचे. कोणता काटा कशाला हे फक्त पोरांच्या आईला माहीत होते. तिनेच सगळ्यांना शिकवले. ट्रॉलीतून उष्ट्या बश्या नेता नेता शिकली होती म्हणे. जेवण ठीकच होते. तिखट नव्हते.

आता निघायच्या दिवसाची सकाळ. पहाटे जाग आली तर पोरांची आई पलंग आवरत होती. चादर ताणून, कोपरे दुमडून, पाकिटासारखे खोचून. एक सुरकुती नाही.

"अगं, हे करायला माणूस येईल ना," पोरांचे वडील म्हणाले.

"ते माणूस मीच होते की."

थोड्या वेळाने ते माणूस आलेच. तिशीतली बाई, ट्रॉली घेऊन. पलंग पाहून दारातच थांबली. आम्हाला पाहून हिंदीत बोलली, तेव्हा कळले की ती नेपाळची. "दीदी, ये किसने किया?" पोरांच्या आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "बंबई. होटल. बाईस साल." ती बाई बघत राहिली. मग ट्रॉली बाजूला सारून खोलीत आली. "बैठो," पोरांची आई म्हणाली. ती बसली नाही, कामाची वेळ होती. पण दोघींनी एकमेकींचे तळवे पाहिले. साबणाच्या पाण्याने गेलेल्या रेघा, अंगठ्याजवळचा घट्टा. चौकशी सुरू झाली. किती खोल्या? पाठ दुखते का? सुपरवायझर कसा? ती म्हणाली, तासावर पैसे मिळतात, सुट्टीचे वेगळे. त्या वर्षी त्या देशात कायद्याने किमान मजुरी तासाला १८ डॉलर २९ सेंट होती. लेकीने रुपयांत हिशेब करून सांगितला तेव्हा पोरांच्या आईने दोनदा विचारून खात्री केली. आठ तासांच्या दिवसासाठी तिकडे मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली काम बंद पाडले होते. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. हे लेकीने त्या बाईला सांगितले. तिला बाबासाहेबांचे नाव ठाऊक होते, हे तिच्या मान हलवण्यावरून कळले.

ती पुढच्या खोलीकडे गेली. आम्ही सामान बांधले. निघताना पोरांच्या आईने पदराच्या गाठीतून वीस डॉलरची नोट काढली. लेकीने तिला खर्चायला दिलेली. ती उशीखाली ठेवली. दारापर्यंत गेली, परत आली.

"काय झालं?"

"कागद दे एक."

नातीच्या वहीतले पान फाडून दिले. चौथी शिकलेली बाई, त्यानंतरचे लिहिणे विहारातल्या रात्रीच्या वर्गात गिरवलेले. खुर्चीवर बसून, जीभ दातांत धरून तिने हिंदीत लिहिले. दोनच ओळी. हे पैसे तुझ्यासाठी आहेत. विसरून राहिलेले नाहीत. खाली सही केली, खोलीचा नंबर घातला, तारीख घातली.

"आई, ती समजून जाईल गं," लेक म्हणाली. "इथं लोक ठेवतात टिप."

"तिला कळेल. पण कोणी तिला विचारलं तर तिच्याजवळ कागद पाहिजे."

नेपाळी आणि मराठी, लिपी एकच. तिला वाचता येणार होते. चिठ्ठीत नोट गुंडाळून ती उशीवर, दिसेल अशी ठेवली. मग खोचलेला एक कोपरा थोडासा सैल झाला होता तो पुन्हा खोचला, आणि आम्ही निघालो. बोगद्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा नातू झोपला होता, म्हणून उलटी झाली नाही.

२०१९ च्या अखेरीस तिकडे भयंकर वणवे लागले. टीव्हीवर निलगिरीची तीच जंगले पेटलेली पाहिली. पोरांच्या आईने रात्री फोन लावला. लेकीच्या तब्येतीची चौकशी झाल्यावर म्हणाली, "आणि ते दगडी हॉटेल? ती बाई?" लेकीने सांगितले की आग त्या दरीपर्यंत आली, पण आग विझवणाऱ्यांनी हॉटेल वाचवले. बाईचे काही कळायला मार्ग नव्हता. नाव आम्ही विचारले होते, नंबर घ्यायचे मात्र सुचले नाही. पुढच्या वर्षांत पावसाने दरडी कोसळल्या, तो वळणावळणाचा रस्ता खचला, आणि गुहा पाहायला जाणाऱ्यांना कितीतरी महिने अडून राहावे लागले. आम्ही गेलो ते बरे झाले.

आमच्या कल्याणच्या घरात मोरीत बोअरिंगच्या पाण्याचा एक नळ आहे. गळका. त्याच्या तोंडाशी पांढरा पापुद्रा धरतो. पोरांची आई तो दर रविवारी लिंबाच्या सालीने घासून काढायची. आता नळाच्या मागच्या बाजूचा तेवढा सोडते. नातवाने फोनवर बजावले आहे, आजी, तो घासू नकोस, मी आलो की मोजणार. मागच्या महिन्यात पोरांच्या वडिलांनी पट्टी लावून पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढा झाला आहे.